झिरोच्या बल्बासाठी दहा गुंठे शेंगदाणा

उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली, दिवाळी जवळ आली किंवा मार्चअखेरचा ‘अर्थ अवर’, म्हणजे तासभर दिवे मालवण्याचा कार्यक्रम, आला की एक सल्ला हमखास फिरू लागतो. विजेचे दिवे कमी करा, घरात तेलाचे दिवे लावा, आपले आजी-आजोबा तसेच राहत होते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण तेलाच्या दिव्याला विजेचा पर्याय म्हणताना कुणी तेल मोजत नाही, उजेड मोजत नाही आणि धूर तर नाहीच नाही. मोजायला बसलं तर रोजचा पर्याय म्हणून हा दिवा कुठेच टिकत नाही. तरीही तो घरातून हद्दपार करावा असं माझं म्हणणं नाही. त्याची एक जागा आहे, ती वेगळी आहे, आणि त्या जागेसाठी तो नीट लावता यायला हवा. हल्ली नेमकं तेच फार थोड्यांना येतं.

मध्यम आकाराची पणती घेऊ. सुती वात, शेंगदाण्याचं तेल, दीड-दोन सेंटिमीटर उंचीची ज्योत. अशी पणती तासाला साधारण ७ ग्रॅम तेल पिते. ग्रॅमभर तेलात ३७ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे पेटलेली पणती सतत ७० वॅटच्या घरात ऊर्जा बाहेर टाकत असते. त्यातून उजेड मिळतो ६ ते १० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब ८०० ते ९०० ल्युमेन देतो. पणती त्याच्या सातआठ पट ऊर्जा खाते आणि उजेड देते शंभरावा हिस्सा. बाकी सगळी उष्णता.

याला पणती घडवणाऱ्याचा किंवा तेल गाळणाऱ्याचा दोष नाही, ज्योतीचं कामच तसं चालतं. वातीतून वर आलेल्या तेलाची वाफ होते, ती अर्धवट जळून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते हजार अंशांच्या वर तापून पिवळे चमकतात आणि ज्योतीच्या कडेला पोचेपर्यंत जळून जातात. आपण ज्याला दिव्याचा उजेड म्हणतो तो या तापलेल्या काजळीचा उजेड असतो. काजळी झालीच नाही तर ज्योत गॅसच्या शेगडीसारखी निळी होईल आणि तिच्यात अक्षरही दिसणार नाही. ज्योतीवर वाटी धरून काजळ पाडायची जुनी रीत याच कणांना मधल्यामध्ये पकडते. तेव्हा ‘बिनधुराचा तेलाचा दिवा’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की काजळी तयार झाली पण बाहेर पडण्याआधी जळाली. ती किती बाहेर पडते हे वातीवर, तेलावर आणि वाऱ्यावर अवलंबून असतं. ते पुढे येईलच.

पुस्तकापासून फूटभर अंतरावर पणती ठेवली तर पानावर जेमतेम ८-१० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतो. वाचायच्या टेबलावर ३०० लक्सच्या आसपास असावेत असं धरतात. कंदिलाखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी आपल्याकडे फार आवडीने सांगतात. त्यांच्या मोठेपणाला नमस्कार, पण त्यात कंदिलाचा वाटा शून्य आहे.

आता घराचा हिशेब. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, आतली खोली आणि न्हाणीघर धरून चार पणत्या, रोज चार तास. ७ गुणिले १६ म्हणजे रोज ११२ ग्रॅम, महिन्याला जवळपास ३.४ किलो तेल. आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण १९-२० किलो खाद्यतेल लागतं, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला साडेसहा किलोच्या आसपास. चार मिणमिणत्या दिव्यांसाठी त्याच्या निम्म्याहून जास्त तेल आणखी आणायचं. लिटरला १५० रुपये धरले तरी महिन्याला साडेपाचशे रुपये झाले. आणि उजेड? चारही पणत्यांचा मिळून फार तर ४० ल्युमेन. अर्ध्या वॅटचा एलईडी, ज्याला आपण अजूनही झिरोचा बल्ब म्हणतो, तो साधारण तेवढाच उजेड देतो आणि वर्षभर रोज चार तास जाळला तर पाऊण युनिट वीज खातो.

‘स्वावलंबन’ हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. वीज कंपनीची, तेल आपलं. पण देशातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. शहरातल्या बाल्कनीत स्वावलंबनाची पणती लावणारा बहुतेक वेळा तेच तेल जाळत असतो, कारण ‘दिव्याचं तेल’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या बाटलीत नेमकं काय आहे हे तो वाचतही नाही. बरं, स्वतःच्या शेतातला शेंगदाणा आणि गावचा घाणा धरू. एकरी ६ क्विंटल शेंगा, त्यात ७० टक्के दाणा, दाण्याचं घाण्यावर ४० टक्के तेल. म्हणजे एकरी १६८ किलो. चार पणत्यांना वर्षाला लागतं ४० किलो, म्हणजे साधारण १० गुंठे. झिरोच्या एका बल्बाइतक्या उजेडासाठी दहा गुंठे जमीन, तिचं पाणी, तिची खुरपणी आणि काढणी. हा साधेपणा नव्हे, ही चैन आहे.

पर्यावरणाचा मुद्दाही याच अंगाने पाहावा लागतो. आपली वीज अजून बहुतांश कोळशाची, हे खरं. एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे नऊ वॅटचा बल्ब तासभर लावला की तारांमधली गळती धरून ७-८ ग्रॅम. पणती तासाला २० ग्रॅम सोडते. तेल वनस्पतीचं असल्यामुळे हा कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला होता, हे म्हणणं बरोबर आहे. मात्र त्या तेलामागचं खत, डिझेल, जहाज आणि तोडलेलं जंगल हिशेबात धरलं की ती सूटही फारशी उरत नाही. आणि तुलना एका पणतीची एका बल्बाशी आहे, समान उजेडाची नव्हे. समान उजेडाची करायची तर शंभर पणत्या मांडाव्या लागतील.

मोबाइलवर फिरणारा आणखी एक दावा आहे, तुपाच्या दिव्याने ऑक्सिजन तयार होतो हा. कोणतीही ज्योत ऑक्सिजन खाते, तूप असो की तेल. ग्रॅमभर स्निग्ध पदार्थ जळायला जवळपास २.९ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ७ ग्रॅम तेलाची पणती तासाला २० ग्रॅम ऑक्सिजन घेते. स्वस्थ बसलेला माणूसही तासाला तेवढाच घेतो, जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि जवळपास तेवढीच उष्णता देतो. म्हणजे बंद खोलीत एक पणती लावणं हे खोलीत आणखी एक माणूस बसवण्यासारखं आहे. घाबरायचं कारण नाही, पण हवा शुद्ध होते असंही म्हणायचं कारण नाही. देवापुढे निरंजन लावायला विज्ञानाचा असला खोटा दाखला लागत नाही, ती श्रद्धेने लावावी.

इथवर खाद्यतेलाबद्दल झालं. रॉकेलची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त गंभीर आहे.

महाराष्ट्राच्या घराघरांत दिवा म्हणजे कित्येक पिढ्या रॉकेलच होतं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील ही इथल्या स्वदेशी उद्योगाची अभिमानाची खूण होती, आणि यंत्र म्हणून कंदील खरोखर हुशारीचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या नुसता सांगाडा धरायला नसतात. ज्योतीला लागणारी हवा वरून याच नळ्यांतून खाली बर्नरकडे जाते, म्हणून वाऱ्यातही कंदील विझत नाही. पण गरिबाच्या घरात कंदील नव्हता, चिमणी होती. औषधाची बाटली किंवा पत्र्याचा डबा, झाकणाला भोक, त्यात चिंधीची वात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ३१ टक्के घरांत आणि ग्रामीण भागातल्या ४३ टक्के घरांत उजेडाचं मुख्य साधन रॉकेल होतं, त्यात अशा चिमण्या बऱ्याच असणार.

उघड्या वातीची चिमणी जेवढं रॉकेल पिते, त्यातलं वजनाने ७ ते ९ टक्के थेट काळ्या काजळीच्या रूपाने हवेत जातं. काच असलेल्या कंदिलात हे प्रमाण पुष्कळ कमी असतं, कारण काचेतून वर जाणारी गरम हवा ज्योतीकडे ताजी हवा ओढते आणि काजळी जळून जाते. चिमणीजवळ बसून शिकणाऱ्या मुलाच्या नाकातून दुसऱ्या दिवशी काळं येतं ते यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत घरात रॉकेल वापरू नये असं म्हटलं, तेही काजळीसकट एकूण प्रदूषण, भाजणं आणि विषबाधा हे सगळं मिळून.

भाजण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रॉकेलची वाफ साधारण ३५-४० अंशांना ठिणगीने पेट घेते. विदर्भात मे महिन्यात खोलीचंच तापमान तेवढं असतं. शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाला तीच अवस्था यायला २५० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून समई कलंडली तर बहुतेक वेळा तेल सांडून वात विझते, चिमणी कलंडली तर पसरलेलं रॉकेल पेटतं. त्यात पेट्रोलची भेसळ असली तर दिव्याच्या टाकीत स्फोट होण्याइतकी वाफ साध्या तापमानालाच तयार असते. श्रीलंकेत बाटलीच्या दिव्यांनी भाजलेल्या रोग्यांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक विजय गोडकुंबुरा यांनी शेवटी दिवाच बदलला. बुटकी, जड, जाड काचेची बाटली, दोन बाजू सपाट म्हणजे आडवी झाली तरी गडगडत जाणार नाही, आणि आट्यांचं धातूचं झाकण म्हणजे तेल बाहेर येणार नाही. १९९८ मध्ये त्यांना यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. चार गोष्टींचा बदल, त्यात एकही महाग नाही. आपल्याकडे रेशनवर निळं रॉकेल वर्षानुवर्षं लिटरने वाटलं गेलं, पण त्याबरोबर सुरक्षित दिवा द्यावा हे धोरण म्हणून कुणी लावून धरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेलाचा दिवा चांगला करण्याचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी ‘नूरी’ कंदील तयार केला. इंधनाची वाफ दाबाने जाळून मँटल (ज्योतीवर बसवलेली जाळीची छोटी पिशवी) तापवायचं, म्हणजे उजेड काजळीऐवजी मँटलमधल्या धातूंच्या ऑक्साइडकडून घ्यायचा. १०० वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड रॉकेलवर किंवा अल्कोहोलवर मिळवण्याची ती खटपट होती. लग्नातल्या गॅसबत्तीचं तत्त्वही हेच. तंत्र म्हणून ते पक्कं होतं. पण मँटल एकदा जळलं की बोट लागलं तरी ढासळतं, आणि उलट बाजूने एलईडी आणि सौर पॅनेल वर्षागणिक स्वस्त होत आले. तेलातून उजेड काढण्याची मजल एवढीच आहे, हे ‘नूरी’ने उत्तम प्रकारे दाखवलं असं मला वाटतं.

रेशनच्या रॉकेलचा भाव २०१६ पासून थोडा थोडा वाढवत मार्च २०२० पर्यंत बाजारभावाला आणला गेला. सवलत संपली हे योग्यच झालं. ज्या पाड्यावर किंवा वस्तीवर अजून दिवसचे दिवस वीज नसते तिथे रॉकेल परत द्या, ही मागणी करू नये. तिथे सौर कंदील आणि त्याची दुरुस्ती करणारा माणूस मागावा. घरात रॉकेल शिल्लक असेल तर ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही नसावं. लहान मूल प्यायलं तर रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त घातक ठरतं, म्हणून उलटी करवू नये, थेट दवाखाना गाठावा.

मग तेलाचा दिवा कशासाठी ठेवायचा? वीज जाते तेव्हासाठी. दहा मिनिटांसाठी नाही, दहा दिवसांसाठी.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’. अशा वेळी मोबाइलची बॅटरी पहिल्या-दुसऱ्या दिवशी जाते आणि दुकानातल्या मेणबत्त्या संपतात. कपाटातला इमर्जन्सी दिवा बहुतेक वेळा आधीच मेलेला असतो. त्यातली शिसे-आम्लाची बॅटरी महिनोन्‌महिने चार्ज न करता ठेवली की तिच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि मग ती चार्ज घेतच नाही. सेलवरच्या टॉर्चमध्ये सेल गळून स्प्रिंग गंजलेली असते. तेलाच्या दिव्याचा खरा गुण इथे दिसतो. त्याचं इंधन स्वयंपाकघरात असतंच, रोज वापरात असल्यामुळे जुनं होत नाही, आणि त्याचा कोणताही भाग पडून पडून बिघडत नाही. एक दिवा, रात्री पाच तास, आठवडाभर म्हणजे २५० ग्रॅम तेल. एवढं कुठल्याही घरात निघतं.

पहिला मान तरीही बॅटरीच्या दिव्याचाच, हेही स्पष्ट सांगतो. छोटा सौर कंदील किंवा लिथियम बॅटरीचा टॉर्च महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवा, शोधाशोध, जखम पाहणं, बाहेर पडणं हे सगळं त्याच्यावर. तेलाचा दिवा लागतो तो घरात कुठे काय आहे हे दिसावं, मुलं घाबरू नयेत आणि टॉर्च वाचावा म्हणून.

आता तो लावायचा कसा. स्टीलची किंवा पितळेची पसरट वाटी घ्या, सात-आठ सेंटिमीटर रुंद, तीनेक सेंटिमीटर खोल. मातीची पणती चालते, पण नवी पणती तेल शोषते, म्हणून आधी चार-पाच तास पाण्यात भिजवून बाहेरून कोरडी करायची. तरी रात्रभरात खाली तेलाचा डाग पडतोच. वात शुद्ध सुती हवी. जुन्या धोतराची किंवा सुती साडीची सेंटिमीटरभर रुंद, १२ सेंटिमीटर लांब पट्टी सैलसर पिळली की पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची वात होते. घट्ट पिळली तर तेल चढत नाही. कापडात पॉलिएस्टर आहे का ते एक धागा जाळून पाहा. राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर फेकून द्या. कोरं कापड असेल तर खळ निघेपर्यंत धुऊन खडखडीत वाळवा.

खाद्यतेल रॉकेलपेक्षा तीसेक पट घट्ट असतं. या एका गोष्टीतून दिव्याचा सगळा आकार ठरतो. रॉकेल वातीतून दहा-बारा सेंटिमीटर सहज चढतं, म्हणून कंदिलाची टाकी खाली आणि ज्योत वर असू शकते. खाद्यतेल एवढं चढत नाही. समईत वात तेलात आडवी पडून फक्त टोक काठावर येतं ते यासाठी. कंदिलात गोडं तेल घालून पाहणारे पुष्कळ असतात. पाच-दहा मिनिटं लागतो, मग तेल पोचत नाही आणि वातच जळायला लागते. वातीचं टोक तेलाच्या पातळीपासून सेंटिमीटरभराहून जास्त वर नको. काठाबाहेर वात तीन ते पाच मिलिमीटर. आठ-दहा झाली की ज्योत लांबते, टोकाशी लाल पडते आणि धूर सोडते. उजेड वाढवायला वात सारायची ही सवय चुकीची. जास्त उजेड हवा तर दुसरी वात लावा, किंवा दिव्यामागे आरसा नाहीतर स्टीलचं ताट उभं करा.

काठावरून वात बाहेर लोंबत असेल तर तिचं टोक तेलाच्या पातळीच्या खाली जातं आणि तेल तिच्यातून थेंबथेंब बाहेर ओढलं जातं. सकाळी दिवा रिकामा आणि ताट भरलेलं दिसतं ते यामुळे. वात काठावर नुसती टेकवण्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटरच्या तारेचा तीन पायांचा छोटा वेटोळा करून त्यात उभी केली, वाटीच्या मध्यभागी, तर हा प्रश्न राहत नाही आणि उजेड चारी बाजूंना जातो.

तेलांत शेंगदाणा आणि तीळ उत्तम. खोबरेल स्वच्छ जळतं, पण २४ अंशांच्या खाली थिजतं. कोकणात चालेल, पुण्या-नाशिकच्या थंडीत वातीजवळ वितळायला वेळ घेतं. एरंडेल शेंगदाण्याच्या तेलाच्या दसपट घट्ट, ज्योत लहान आणि दिवा जास्त वेळ चालतो. एकटं न वापरता थोडं मिसळावं. करडई, सूर्यफूल हवेने हळूहळू चिकट होतात आणि जवस तर रंगात घालायचंच तेल, त्याने वात लवकर गोंद लावल्यासारखी होते. घाण्याचं ताजं तेल चार दिवस निवळू द्यावं आणि वरचं नितळ तेवढंच घ्यावं, गाळ वातीवर कोळशाची टोपी बसवतो. तळणीचं उरलेलं तेल फडक्यातून गाळून चालतं, मात्र वास येतो आणि वात दर तासाला साफ करावी लागते. कोकणात उंडीचं कडू तेल आणि करंजेल दिव्याला वापरत. त्यांना वास असतो, पण खायच्या तेलाला हात लागत नाही. दिव्यासाठी मुद्दाम तेल ठेवायचंच तर या तेलांचा विचार व्हायला हवा, पामतेलाच्या बाटलीचा नव्हे.

ज्योत विसेक मिनिटांत बारीक झाली तर वातीच्या टोकाला काजळी धरली आहे. चिमट्याने तो कोळसा काढा. तडतड झाली तर वात ओली किंवा तेलात पाण्याचा अंश. ज्योत नाचत असेल तर वारा. भोवती काचेची बरणी ठेवायची असेल तर तोंड आठ सेंटिमीटरपेक्षा रुंद हवं, अरुंद बरणीत खालची हवा मिळत नाही आणि ज्योत गुदमरते. पेल्यात तीन-चार सेंटिमीटर पाणी, वर सेंटिमीटरभर तेल आणि तरंगती वात ही रीत रात्रभरासाठी चांगली, तेल संपलं की पाणी वातीला लागून दिवा आपोआप शांत होतो. शेवटी जरा तडतडतो, एवढंच. पण तेच पाणी पेटलेल्या पणतीवर कधीही ओतायचं नाही. तेल कमी आणि वाती जास्त झाल्या की पणतीतलं सगळं तेल तापून पृष्ठभागच पेट घेतो. त्यावर पाणी टाकलं की क्षणात वाफ होऊन जळतं तेल अंगावर येतं. वर ताट उपडं घाला, हात लावू नका, गार होऊ द्या.

दिवा परातीत ठेवा, परातीत थोडी वाळू. वर फळी नको, पडदा आणि गादी किमान मीटरभर लांब. कृत्रिम धाग्याचा पदर किंवा ओढणी वितळून कातडीला चिकटते, म्हणून दिव्याशी वावरताना अंगावर सुती कपडे. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली, टूथपेस्ट किंवा शाई नाही. काडेपेटी पावसाळ्यात तांदळासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. मेणबत्तीपेक्षा हा दिवा बरा, कारण तो बुटका आणि जड असतो. मेणबत्ती उंच, हलकी, आणि झोप लागली तर शेवटी टेबलाच्या प्लॅस्टिकपर्यंत जळत जाते.

मंद पिवळ्या उजेडाची ओढ असलेल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. आपल्या घरांत ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) पांढरेफटक दिवे लावून आपण संध्याकाळची वाट लावली आहे. पण त्याला उपाय म्हणून तेल जाळायची गरज नाही. २७०० केल्विनचा तीन वॅटचा बल्ब, भिंतीकडे तोंड करून, एवढ्याने काम होतं.

आपत्ती व्यवस्थापनाच्या पत्रकांत अजूनही ‘टॉर्च, मेणबत्ती, काडेपेटी’ एवढंच छापलं जातं. किनारपट्टीच्या ग्रामपंचायतींनी निदान एवढं करावं: मेणबत्ती काढून तिथे गोड्या तेलाचा दिवा लिहावा, वात किती आणि कशाची ते लिहावं, पेटलेल्या तेलावर ताट झाका हे ठळक अक्षरांत छापावं, आणि मे महिन्याच्या ग्रामसभेत लोकांना आपापला इमर्जन्सी दिवा चार्ज करून आणायला सांगावं. किती दिवे लागतच नाहीत ते तिथे सगळ्यांसमोर मोजलं जाईल. आणि दिवे ठेवा असं सांगून झालं की त्याच सभेत भूमिगत वीजवाहिन्यांचं काम कुठवर आलं हेही विचारावं. लोकांच्या घरात तेल आहे म्हणून वीज परत यायला तीन आठवडे लागले तरी चालतील, असा त्या पत्रकाचा अर्थ कुणी लावता कामा नये.